एकशे तीस माणसांचं शॉमबर्ग पाऊण लाखाचं कसं झालं

प्रश्न असा आला आहे: "मिस्टरांची शिकागोजवळच्या शॉमबर्गला बदली झाली आहे आणि आम्ही तिथेच घर घ्यायच्या विचारात आहोत. सगळ्या कागदांवर 'व्हिलेज ऑफ शॉमबर्ग' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाहिलं तर अवाढव्य मॉल, सहापदरी रस्ते आणि काचेच्या इमारती. गावाचा मध्य कुठे आहे तेच कळत नाही. ही जागा अशी कशी घडली? आणि इतकी दुकानं असूनही घरपट्टी एवढी का?"

मी नगररचनेचं काम करतो आणि त्यातला बराचसा काळ शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरांमध्ये गेला आहे. तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी उत्तर एकाच ठिकाणी जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

कुणालाही विचारलंत तर सांगतील की ओहेअर विमानतळ आला, टोल रोड आला, वुडफील्ड मॉल आला आणि गाव वाढलं. यात खोटं काही नाही. पण विमानतळ आणि टोल रोड आजूबाजूच्या सगळ्याच गावांच्या वाट्याला आले होते. ती सगळी शॉमबर्ग झाली नाहीत. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. गावात माणसं जेमतेम असताना कुठे घरं होतील, कुठे दुकानं आणि कुठे कारखाने, हे कागदावर ठरवलं गेलं. आणि गाव चालवायचा पैसा घरपट्टीतून न घेता विक्रीकरातून आणायचा, हा हिशेब त्याच वेळी धरला गेला. आज तुम्हाला जे दिसतं, चांगलं आणि वाईट दोन्ही, ते त्या दोन निर्णयांतून आलं आहे.

'व्हिलेज'चं कोडं आधी सोडवतो, कारण ते सोपं आहे. इलिनॉय राज्यात सिटी की व्हिलेज हे लोकसंख्येवर ठरत नाही, कारभाराच्या पद्धतीवर ठरतं. व्हिलेजला एक प्रेसिडेंट, ज्याला बोलताना सगळे मेयरच म्हणतात, आणि सहा ट्रस्टी असतात. शॉमबर्गमध्ये हे सहाही जण वॉर्डातून नव्हे तर सबंध गावातून निवडून येतात आणि रोजचा कारभार नेमलेला व्यवस्थापक पाहतो. वाढलं म्हणून दर्जा बदलावा लागत नाही, आणि बदलून हाती फारसं काही लागतही नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते.

हा मुलूख पोटावाटोमी आणि त्यांच्या सोबतच्या ओजिब्वे व ओडावा लोकांचा. १८३३ च्या शिकागो तहात त्यांच्याकडून सुमारे ५० लाख एकर जमीन काढून घेतली गेली आणि त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे हाकललं गेलं. गावाच्या इतिहासाची सुरुवात बरेच जण गोऱ्या शेतकऱ्यांपासून करतात. मला ते पटत नाही. पुढच्या सगळ्या सातबाऱ्यांच्या मुळाशी हा तह आहे.

तहानंतर सरकारने जमीन मोजली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे एक टाउनशिप. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. नकाशा उघडून शॉमबर्ग रोड, रोझेल रोड, प्लम ग्रोव्ह रोड बघा. बरेचसे जुने रस्ते या मोजणीच्या रेषा धरून नाकासमोर जातात. मध्येच तिरपे जाणारे हिगिन्स रोड, अल्गॉनक्विन रोड हे त्या चौकटीला न जुमानणारे. वुडफील्डजवळ गाडी चालवताना दिशांचा जो गोंधळ होतो, त्याचं एक कारण या तिरप्या रस्त्यांचं सरळ रस्त्यांशी होणारं छेदन हे आहे.

सुरुवातीला आले ते पूर्वेकडच्या राज्यांतले यँकी. तेव्हा या वस्तीला सेराज ग्रोव्ह म्हणत. तिथल्या झाडीजवळ राहणाऱ्या तीन बायकांचं नाव सेरा होतं, त्यावरून. पाठोपाठ जर्मन आले, आणि तेही एकाच भागातले: हॅनोव्हर शहराच्या पश्चिमेला असलेल्या शॉमबर्ग परगण्यातले लुथरन शेतकरी. १८५० मध्ये टाउनशिपला अधिकृत नाव द्यायची सभा भरली. कुणी ल्यूथरव्हिल सुचवलं, कुणी लिपे. तेव्हा फ्रेडरिक हाइनरिख नेर्गे नावाच्या मोठ्या जमीनदाराने टेबलावर मूठ आपटून आपल्या बोलीत सांगितलं की नाव शॉमबर्गच राहील, आणि ते राहिलं, अशी गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट आहे. १८७० पर्यंत टाउनशिपमधली जवळपास सगळी जमीन जर्मन कुटुंबांच्या हाती गेली होती.

हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाही. पुढच्या शंभर वर्षांवर त्याचा परिणाम झाला. ही कुटुंबं जमीन विकत नसत. बापाकडून मुलाकडे, फार तर शेजारच्या घरी दिलेल्या मुलीच्या सासरी, अशी ती आपसातच फिरत राहिली. दूध, लोणी, मका. रोझेल रोड आणि शॉमबर्ग रोड जिथे मिळतात त्या चौकात थोडीशी बाजारपेठ होती आणि जवळच सेंट पीटर लुथरन चर्च, हाच गावाचा मध्य. रेल्वेने या मध्याला बगल दिली. उत्तरेची लाइन पॅलॅटाइनवरून गेली, दक्षिणेची रोझेलवरून. स्टेशन मिळालेली गावं १९व्या शतकातच दुकानांच्या रांगा, बँक, हॉटेल असं रीतसर गावठाण घेऊन उभी राहिली. शॉमबर्गच्या वाट्याला ते आलं नाही. 'गावाचा मध्य सापडत नाही' या तुमच्या तक्रारीचं मूळ इथे आहे: बांधायची वेळ होती तेव्हा स्टेशन नव्हतं. आज मेट्राचं, म्हणजे उपनगरी रेल्वेचं, शॉमबर्ग स्टेशन आहे, पण ते १९८२ चं, स्प्रिंगइन्सगुथ रोडवर आणि हद्दीच्या अगदी दक्षिण टोकाला.

वेळ मिळेल तेव्हा सेंट पीटरच्या जुन्या दफनभूमीत एक फेरी मारा. १८६३ चं चर्च अजून उभं आहे. दगडांवरची आडनावं वाचत गेलात की नेर्गे, क्विंडेल, स्प्रिंगइन्सगुथ अशी नावं रस्त्यांच्या पाट्यांवर पाहिल्याचं लक्षात येईल. मला ही जागा फार आवडते. नव्या सहकाऱ्यांना गावाची ओळख करून द्यायची असली की मी नकाशा नंतर दाखवतो, आधी इथे आणतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागो बाहेर सरकायला लागलं. १९५४ मध्ये हॉफमन नावाच्या बिल्डर बापलेकांच्या कंपनीने याच टाउनशिपमध्ये शेत विकत घेऊन घरांची वसाहत टाकायला सुरुवात केली. तीच पुढे १९५९ मध्ये हॉफमन इस्टेट्स हे स्वतंत्र व्हिलेज झाली. १९५५ मध्ये ओहेअरवरून प्रवासी विमानं उडू लागली. आपली जमीन कुठल्या तरी शेजाऱ्याच्या हद्दीत ओढली जाणार हे शॉमबर्गच्या लोकांना दिसत होतं. ७ मार्च १९५६ रोजी त्यांनी स्वतःचं व्हिलेज स्थापन केलं. लोकसंख्या १३०. हद्द दोनेक चौरस मैलांची.

आणि इथून पुढची वीस वर्षं मला सबंध मिडवेस्टमधली सर्वांत अभ्यासण्यासारखी वाटतात.

१९५८ मध्ये नॉर्थवेस्ट टोलवे, म्हणजे आजचा आय-९०, सुरू झाला. १९५९ मध्ये बॉब अॅचर मेयर झाले. हा माणूस मूळचा केंटकीचा, पेशाने कंट्री गायक. डब्ल्यूएलएस रेडिओच्या 'नॅशनल बार्न डान्स'मुळे घराघरात पोहोचलेला आवाज. नगररचनेशी त्यांचा आधी काही संबंध नव्हता, पण १९७५ पर्यंत, सोळा वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. त्याच १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सहून आलेले बिल्डर आल्फ्रेड कॅम्पानेली यांनी वेदर्सफील्ड या वसाहतीला हात घातला. न्यू इंग्लंडच्या धर्तीची बुटकी, आटोपशीर घरं, कित्येक तर बेसमेंटशिवाय थेट स्लॅबवर बांधलेली. तरुण जोडप्यांना परवडणारी. शॉमबर्गची पहिली मोठी भरती या वसाहतीने केली.

बहुतेक नव्या उपनगरांनी इथेच घोळ घातला. बिल्डर आला, शेत विकलं गेलं, घरं झाली, पुन्हा बिल्डर आला. सगळी जमीन घरांनी भरली आणि मग लक्षात आलं की पोलीस, रस्ते, बर्फ हटवणं, शाळा यांना पैसा लागतो आणि तो द्यायला घरमालकांशिवाय दुसरं कुणी नाही. आमच्या धंद्यात हे गणित पहिल्या वर्षी शिकवतात. तीन बेडरूमचं घर गावाकडून सेवा मागतं, त्यातली मुलं शाळा मागतात. दुकान आणि ऑफिसही रस्ता आणि पोलीस मागतात, पण शाळेत मूल पाठवत नाहीत आणि कर भरघोस देतात.

अॅचर आणि त्यांच्या ट्रस्टींनी लोकसंख्या हजाराच्या आतबाहेर असतानाच, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, सबंध क्षेत्राचा आराखडा केला. टोल रोडलगतचा आणि गोल्फ रोडच्या बाजूचा उत्तरेकडचा पट्टा व्यापार, ऑफिसं, कारखाने यांसाठी राखला. घरं प्रामुख्याने दक्षिणेला आणि पश्चिमेला. राखून ठेवणं सांगायला सोपं आहे. समोर बिल्डर नकाशा घेऊन बसलेला असतो, शेतकऱ्याला आजच पैसे हवे असतात, आणि मॉल येईल की नाही याची काहीही खात्री नसते. अशा वेळी 'इथे घरं नाहीत' म्हणायला धमक लागते. ती या मंडळींनी दाखवली, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

जर्मन शेतकऱ्यांनी शंभर वर्षं जमीन न विकल्याचा फायदा नेमका आता झाला. ज्या गावांत जमिनीचे आधीच तुकडे पडले होते तिथे दोनशे एकर सलग मिळवायचे म्हणजे शंभर मालकांच्या नाकदुऱ्या काढणं. इथे मोठमोठी शेतं अखंड उरली होती.

९ सप्टेंबर १९७१ ला वुडफील्ड उघडला. जागा १९१ एकर. उभारणी डेव्हलपर आल्फ्रेड टॉबमन आणि सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीची होमार्ट कंपनी यांची. नावातला 'वुड' सिअर्सचे रॉबर्ट वुड यांचा आणि 'फील्ड' शिकागोतले दुकानदार मार्शल फील्ड यांचा. टोल रोड आणि रूट ५३ यांच्या बेचक्यात बसवलेला हा मॉल लवकरच देशातल्या सर्वांत मोठ्या मॉलमध्ये गणला जाऊ लागला आणि आजही त्या पंगतीत आहे.

याने गावाला काय मिळालं ते आकड्यांत बघा. इलिनॉयचा मूळ विक्रीकर ६.२५ टक्के. त्यातला १ टक्का ज्या गावाच्या हद्दीत विक्री झाली त्या गावाला परत मिळतो. गिऱ्हाईक कुठे राहतं याला महत्त्व नाही. पॅलॅटाइनचं कुटुंब शॉमबर्गच्या आयकियातून हजार डॉलरचं सामान घेऊन गेलं तर १० डॉलर शॉमबर्गचे. शिवाय इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेने २५ हजारांवर लोकसंख्या असलेल्या गावांना होम रूलचे, म्हणजे आपला कारभार बराचसा स्वतः ठरवण्याचे, अधिकार आपोआप दिले. त्यामुळे अशा गावांना स्वतःचा जादा विक्रीकर, हॉटेल कर, खाद्यपदार्थांवरचा कर लावता येतो. शॉमबर्गने हे सगळं वापरलं. परिणाम असा की स्थापनेपासून २००९ पर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, गावाने स्वतःची घरपट्टी लावलीच नाही. पोलीस, अग्निशमन, रस्ते हा सगळा खर्च बाहेरून खरेदीला येणाऱ्यांच्या जोरावर चालला.

लोकसंख्या बघा: १९६० ला ९८६. १९७० ला साडेअठरा हजारांच्या वर. १९८० ला ५३ हजार. २००० ला ७५ हजार. मग आलेख आडवा झाला. २०१० च्या जनगणनेत थोडी घट, २०२० मध्ये ७८ हजारांच्या वर. जागा संपली होती. सुमारे १९ चौरस मैलांची हद्द चहूबाजूंनी दुसऱ्या गावांनी वेढलेली आहे.

मोटोरोलाची गोष्ट आपल्या लोकांच्या जवळची आहे. कंपनीने अल्गॉनक्विन आणि मीचम रोडच्या कोपऱ्यावर सव्वातीनशे एकर जागा घेतली आणि १९७६ मध्ये मुख्यालय इथे हलवलं. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडल्यावर शिकागो परिसरात मराठी माणसं येऊ लागली होतीच. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये शिकागोतच जन्मलं. सुरुवातीची वस्ती शहरात आणि जवळच्या उपनगरांत होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोटोरोला आणि तिच्याभोवतीच्या कंपन्यांनी इंजिनियर घ्यायला सुरुवात केल्यावर ती शॉमबर्ग, हॉफमन इस्टेट्स, पॅलॅटाइनकडे सरकली. आज शॉमबर्गचा साधारण चौथा हिस्सा आशियाई वंशाचा आहे आणि त्यात भारतीय मोठ्या संख्येने आहेत. २०१६ मध्ये इथून अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेलेले राजा कृष्णमूर्ती हेही शॉमबर्गचेच रहिवासी. तेव्हा गणपतीत मंडळ शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही.

आता पाणी. गावांच्या इतिहासात लोक मॉल आणि मेयर लक्षात ठेवतात, पाइपलाइन विसरतात. मला विचाराल तर १९८५ हे साल १९७१ इतकंच महत्त्वाचं आहे.

शॉमबर्ग मिशिगन सरोवरापासून आत आहे. सुरुवातीची सगळी वाढ खोल बोअरच्या पाण्यावर झाली. सगळीच उपनगरं एकाच भूजलातून उपसा करत होती आणि पातळी वर्षागणिक खाली चालली होती. सरोवराचं पाणी आणावं म्हटलं तर ते हवं तेवढं घेता येत नाही. आजूबाजूच्या राज्यांनी भरलेल्या दाव्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयच्या वाट्याला सेकंदाला ३,२०० घनफूट अशी मर्यादा घालून दिली आणि ते पाणी राज्य गावागावांना वाटून देतं. एकट्या गावाला इतक्या लांबून नळ टाकणं परवडणारं नव्हतं. मग शॉमबर्ग, हॉफमन इस्टेट्स, एल्क ग्रोव्ह, माउंट प्रॉस्पेक्ट, रोलिंग मेडोज, हॅनोव्हर पार्क आणि स्ट्रीमवुड अशी सात गावं एकत्र आली, संयुक्त पाणी संस्था काढली आणि १९८५ मध्ये शिकागोकडून घेतलेलं सरोवराचं पाणी नळाला आलं. हद्दीवरून एकमेकांशी भांडणारी गावं इथे एका कागदावर सह्या करून बसली. हे झालं नसतं तर नव्वदच्या दशकातली ऑफिसं आणि हॉटेलं उभीच राहिली नसती.

पावसाच्या पाण्याचंही थोडं सांगतो, कारण घर बघताना त्याचा उपयोग होईल. ही जमीन हिमनद्यांनी सपाट करून ठेवलेली, चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. शेतकऱ्यांनी शेतातलं पाणी काढायला जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या होत्या. घरं बांधताना त्या जागोजाग तुटल्या आणि पाणी वाट फुटेल तिकडे जाऊ लागलं. १९७२ पासून शिकागो परिसराच्या सांडपाणी प्राधिकरणाने मोठ्या बांधकामांना पावसाचं पाणी स्वतःच्या जागेत साठवून हळूहळू सोडण्याची सक्ती केली. ऑफिसांच्या आणि वसाहतींच्या मधोमध जी तळी, कारंजी आणि बदकं दिसतात ती बहुतेक त्यासाठीच आहेत. १९७२ च्या आधीच्या वसाहतींत अशी सोय कमी आहे. तिथे घर बघताना रंग आणि किचनच्या आधी सम्प पंप (तळघरात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) कुठे आहे, परसातलं पाणी कुठे जातं, जोरदार पावसात रस्ता तुंबतो का, हे शेजाऱ्यांना विचारा.

मध्य नसल्याची खंत गावालाही होती. रोझेल आणि शॉमबर्ग रोडच्या जुन्या चौकाचा परिसर १९७८ मध्ये वारसा क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पुढे नव्वदच्या दशकात त्याच चौकातलं एक आजारी शॉपिंग सेंटर गावाने स्वतः विकत घेतलं, पाडलं आणि टाउन स्क्वेअर बांधला. १९९८ मध्ये टाउनशिपचं मोठं ग्रंथालय तिथे आलं. घड्याळाचा मनोरा आहे, तळं आहे, उन्हाळ्यात गाण्याचे कार्यक्रम होतात. प्रयत्न प्रामाणिक आहे आणि ग्रंथालय तर उत्तमच आहे, मुलांना घेऊन जाच. तरीही चारही बाजूंनी वेगात जाणाऱ्या गाड्या असताना पायी फिरण्याचं गावठाण नंतर बसवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आरलिंग्टन हाइट्स किंवा पॅलॅटाइनला स्टेशनभोवती जी चालती-बोलती पेठ आहे ती तुम्हाला शॉमबर्गमध्ये मिळणार नाही. अॅचरच्या आराखड्याने तिजोरी भरली, पण सगळं अंतर गाडीच्या हिशेबाने आखलं. घर एकीकडे, काम दुसरीकडे, दुकान तिसरीकडे. ज्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणजे लहान मुलं आणि भारतातून आलेले आईवडील, त्यांना याची झळ सर्वांत जास्त बसते. घर निवडताना हे मनात धरा. आईवडील सहा महिने येऊन राहणार असतील तर ग्रंथालय किंवा बाग पायी गाठता येईल असंच घर बघा. स्प्रिंग व्हॅली हे १३५ एकरांचं निसर्ग उद्यान आहे आणि त्यात १८८० च्या सुमाराचं जर्मन शेत जसंच्या तसं चालवून दाखवतात. त्याच्या आसपासचा भाग मला या दृष्टीने चांगला वाटतो.

विक्रीकरावर जगण्याची दुसरी बाजू २००८ च्या मंदीत समोर आली. लोकांनी खरेदी थांबवली की गावाचं उत्पन्नही थांबतं. २००९ च्या अखेरीस शॉमबर्गने इतिहासात पहिल्यांदा स्वतःची घरपट्टी मंजूर केली. गावात मोठा वाद झाला आणि तो साहजिकच होता, कारण 'इथे गावाची घरपट्टी नाही' ही पिढ्यांची ओळख होती. २००६ मध्ये गावाने स्वतःच्या मालकीचं कन्व्हेन्शन सेंटर आणि हॉटेल कर्ज काढून बांधलं होतं, त्याचंही ओझं त्याच काळात जाणवलं. मोटोरोला २०११ मध्ये दुभंगली, आणि त्यातल्या मोटोरोला सोल्यूशन्सने २०१६ मध्ये मुख्यालय शिकागोत नेलं. ज्या वुडफील्डच्या नावातच सिअर्सचा माणूस आहे, तिथलं सिअर्स नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद झालं. ते इलिनॉयमधलं शेवटचं सिअर्स होतं.

एवढं होऊनही गाव कोसळलं नाही, आणि याचं कारण शेजारी पाहिलं की कळतं. हॉफमन इस्टेट्सने नव्वदच्या दशकात शिकागोच्या सिअर्स टॉवरमधून सिअर्सचं मुख्यालय आपल्याकडे आणलं. एक भलामोठा मालक, एक भलंमोठं आवार. कंपनी बुडाली तशी ती इमारत ओस पडली, २०२३ मध्ये डेटा सेंटर बांधणाऱ्या कंपनीने ती जागा घेतली आणि इमारती पाडल्या गेल्या. शॉमबर्गमध्ये मोटोरोला गेली तरी मॉल होता, दुकानं, हॉटेलं, छोटी-मोठी ऑफिसं होती. मोटोरोलाच्याच आवारातल्या जागेवर झुरिक विमा कंपनीने २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेचं मुख्यालय उघडलं. टोल रोडवरून जाताना एकावर एक तिरपे ठेवलेले तीन मजबूत खोके दिसतात ते हेच. उरलेल्या आवारात आता अपार्टमेंट्स, उपाहारगृहं, बागा येत आहेत. ज्या पट्ट्यात साठ वर्षांपूर्वी 'इथे घरं नाहीत' असं ठरलं होतं तिथे आज गावच घरं बोलावतं आहे. मला हा बदल योग्य वाटतो. ऑफिसांची गरज घटली आहे, आणि काम व घर जवळ आणण्याची ही पहिली खरी संधी आहे.

आता तुमच्या घरपट्टीकडे. कुठल्याही घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मागून घ्या आणि एकूण आकड्यावर न थांबता खालची यादी वाचा. तिथे कुक काउंटी (म्हणजे जिल्हा), फॉरेस्ट प्रिझर्व्ह (राखीव जंगलं), सांडपाणी प्राधिकरण, टाउनशिप, पार्क डिस्ट्रिक्ट, ग्रंथालय, हार्पर कॉलेज, आठवीपर्यंतच्या शाळांचं डिस्ट्रिक्ट ५४, हायस्कूलचं डिस्ट्रिक्ट २११ अशा ओळी असतील. या सगळ्या स्वतंत्र संस्था आहेत, स्वतःचा कर स्वतः ठरवतात. बिलाचा सर्वांत मोठा वाटा शाळांचा. 'व्हिलेज ऑफ शॉमबर्ग' ही त्यातली एक छोटी ओळ आहे. म्हणजे मॉलच्या विक्रीकराने वाचते ती फक्त ती ओळ. मॉल तुमच्या शाळेच्या ओळीला मदत करतो ती वेगळ्या वाटेने: कुक काउंटीत घरावरचा कर बाजारभावाच्या १० टक्क्यांवर आकारला जातो, तर व्यापारी मिळकतीवरचा २५ टक्क्यांवर. शाळा डिस्ट्रिक्टच्या हद्दीत वुडफील्डसारख्या मिळकती असल्या की तेवढा भार घरांवरून उतरतो. उद्या ऑफिसांचं मूल्य घटलं तर तोच भार परत घरांवर येईल. गेल्या काही वर्षांत उपनगरांतल्या रिकाम्या ऑफिसांची बातमी आली की मी आधी हा विचार करतो.

घर घेताना तीन गोष्टी तपासा. पत्त्यात 'शॉमबर्ग' लिहिलं म्हणजे घर व्हिलेजच्या हद्दीत असेलच असं नाही, आणि शाळांच्या हद्दी गावाच्या हद्दीशी जुळत नाहीत. दोन्ही नकाशे वेगवेगळे बघा. दक्षिणेला ड्यूपेज काउंटी लागते, तिथे आकारणीची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे दोन बाजूंच्या बिलांची थेट तुलना करू नका. आणि कुक काउंटीत कर एक वर्ष मागे चालतो. यंदा येणारं बिल गेल्या वर्षाचं असतं, पहिला हप्ता आधीच्या वर्षाच्या एकूण कराच्या ५५ टक्के असतो, आणि खरी वाढ दुसऱ्या हप्त्यात कळते. विकणाऱ्याला ज्येष्ठ नागरिकाची सवलत असेल तर त्याचं बिल कमी दिसेल, तुमचं तसं राहणार नाही. वकिलाला सांगून क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, वेळी मागच्या करापोटी विकणाऱ्याकडून मिळणारी रक्कम या हिशेबाने धरून घ्या, आणि घर ताब्यात आलं की त्यात राहणाऱ्या मालकाला मिळणारी सवलत लागू झाली आहे का ते काउंटी असेसरच्या (मिळकतीचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून पक्कं करा.